पेशवाईचे हिशेबनीस नाना फडणीस

देवस्थान लहान असो वा मोठे, त्याच्या कारभारात एक जुनी रीत सर्वत्र आढळते. ज्याच्या हाती पेटीची किल्ली असते त्याच्या हाती कीर्दवही नसते, आणि जो कीर्द लिहितो तो पेटीला हात लावीत नाही. मुखत्यार, खजिनदार व चिटणीस या तिघांची सही झाल्याखेरीज खर्चाची बाब पुरी झाली असे महाजन मानीत नाहीत. यात कोणाविषयी अविश्वास दाखविण्याचा हेतू नसतो. देवाचे द्रव्य हाताळणाऱ्या माणसाचे नाव निष्कलंक राहावे, एवढीच त्यामागील दृष्टी असते. हीच रीत मराठ्यांच्या राज्यात फार मोठ्या प्रमाणावर पाळली जात होती, आणि जो अधिकारी ती सांभाळीत असे त्यास फडणीस म्हणत. आज फडणीस हे केवळ आडनाव उरले आहे. ज्या पुरुषामुळे ते हिंदुस्थानभर झाले, त्या बाळाजी जनार्दन भानू यांचे स्मरण बहुधा मुत्सद्दी म्हणून केले जाते. परंतु त्यांचा मूळचा व्यवसाय हिशेबतपासणीचा होता, आणि त्यांच्या आयुष्यातील यश व अपयश या दोहोंचीही मुळे त्या व्यवसायातच सापडतात.

भानूंचे घराणे कोकणातील श्रीवर्धनचे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे बाळाजी विश्वनाथ भट यांनी कोकण सोडले, तेव्हा भानू बंधूही त्यांच्याबरोबर घाट चढून आले. पुढे १७१३ साली बाळाजी विश्वनाथांस पेशवेपद मिळाल्यावर फडणिशीचा अधिकार भानूंच्या घरात आला. नानांचे आजे बाळाजी महादेव हे १७१९ साली पेशव्यांबरोबर दिल्लीस गेले होते. तेथील दंग्यात ते कामास आले. धन्याच्या जिवावरचे संकट त्यांनी आपल्या अंगावर घेतले, अशी कथा त्या घराण्यात सांगितली जाई. त्यांचेच नाव नातवास ठेवण्यात आले. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. वडील जनार्दनपंत वारले तेव्हा मुलाचे वय अवघे चौदा वर्षांचे होते, आणि त्या वयातच वडिलोपार्जित फडणिशी त्यांच्या शिरी आली. चुलत घराण्यातील मोरोबादादांचाही त्या अधिकारात वाटा होता. या वाट्यामुळे पुढे मोठे अनर्थ घडले.

देहाने कृश, प्रकृतीने नाजूक, देवपूजेत रमणारा असा हा मुलगा होता. १७६० साली भाऊसाहेबांबरोबर तो उत्तरेस गेला तो लढण्यासाठी नव्हे. तीर्थयात्रेच्या हेतूने आई व पत्नी यांनाही त्याने बरोबर घेतले होते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे झाले ते सर्वांस विदित आहे. नाना अंगावरील वस्त्रांचाही मोह सोडून, पायी, उपाशी, रात्रीच्या रात्री चालत निसटले. पत्नी वाचली, आई मात्र पुन्हा दिसली नाही. या दिवसांचे वर्णन त्यांनी स्वतः एका लहानशा आत्मवृत्तात केले आहे. त्यात शौर्याची एकही बढाई नाही. आपण भ्यालो, चुकलो, मनाने ढळलो, हे सारे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. जमेची बाजू लिहिणाऱ्याने खर्चाची बाजूही लिहिलीच पाहिजे, ही सवय त्या कोवळ्या वयातही त्यांच्या हाडीमाशी खिळलेली दिसते.

पुण्यास परत आल्यावर थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत नानांची खरी घडण झाली. पानिपताने राज्याची तिजोरी रिती झाली होती आणि सावकारांचे कर्ज डोईजड झाले होते. तरुण पेशवे हैदरावर वारंवार कर्नाटकच्या स्वाऱ्या करीत. १७६४ मध्ये धारवाडचा किल्लाही त्यांनी हस्तगत केला. अशा वेळी पुण्यातील फडावर बसून कोणत्या महालातून किती वसूल येणे आहे, किती आला, किती वाटेत जिरला आणि फौजेस किती पोचला, हे पाहण्याचे काम नानांकडे असे. माधवरावांचा स्वभाव कडक, पण खरे सांगणाऱ्या कारकुनावर ते रागावत नसत. मृत्युशय्येवर असतानाही राज्याचे कर्ज फेडण्याची तजवीज त्यांनी करून ठेवली. अशा धन्याच्या हाताखाली राहिल्यामुळे अप्रिय आकडा धन्यासमोर ठेवण्याचे धैर्य नानांच्या अंगी बाणले.

हा फड म्हणजे नेमके काय होते, हे समजल्याशिवाय नानांचे मोठेपण कळणार नाही. पुण्याच्या हुजूर दफ्तरात भरभराटीच्या काळी दोनशेहून अधिक कारकून काम करीत. दफ्तराचे दोन मुख्य भाग होते : एकबेरीज व चालते. चालत्या दफ्तरात फडणिसाचा स्वतःचा फड असे. सर्व सनदा व हुकूम तेथून निघत आणि सर्व हिशेब तेथे येत. त्यास लागूनच बेहेडे, म्हणजे गावोगावच्या जमाखर्चाचे पुढील वर्षाचे अंदाज तयार करणारे खाते, आणि सरंजामांचे खाते. एकबेरीज दफ्तरात या सर्व कागदांची वर्गवारी होऊन राज्याच्या एकूण जमेचा, खर्चाचा व शिलकेचा तर्जुमा निघत असे. कोणत्याही प्रांताची दहा वर्षांपूर्वीची स्थिती पाहावयाची झाली, तर नेमका रुमाल सोडून कागद पुढे ठेवता येत असे.

त्याहूनही विचार करण्यासारखी व्यवस्था महालांत होती. प्रत्येक मोठ्या मामलेदाराभोवती सरकारातून दरकदार नेमलेले असत : दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस. मामलेदाराच्या पत्रांवर दिवाणाने सही करावयाची. हिशेब फडणिसाकडे जाण्यापूर्वी मुजुमदाराने तपासावयाचे. फडणिसाने प्रत्येक हुकुमावर मिती घालावयाची, रोजकीर्द ठेवावयाची, पैशाच्या थैलीस चिठ्ठी बांधावयाची आणि वर्षअखेर वह्या घेऊन हुजुरात हजर व्हावयाचे. दफ्तरदाराने कीर्दीवरून खतावणी करून महिन्याचा गोषवारा पाठवावयाचा. पोतनिसाने रोख शिल्लक सांभाळावयाची आणि पोतदाराने नाणे पारखावयाचे. मामलेदार कितीही बलवान असला तरी या दरकदारांस काढून टाकण्याचा अधिकार त्यास नव्हता. मामलेदार वावगे करीत असल्यास हुजुरास कळविणे हे त्यांचे कर्तव्य होते. जो आपल्याबरोबर एकाच कचेरीत बसतो, आपल्यास सल्ला देतो, पण ज्याची भाकरी आपल्या हाती नाही, असा माणूस जवळ असल्यावर पुष्कळशा चुका होण्यापूर्वीच टळतात. आजच्या मोठ्या बँकांतून व कारखान्यांतून अंतर्गत लेखापरीक्षकाचे जे स्थान सांगितले जाते, ते याहून फारसे निराळे नाही. दरकदारही माणसेच होती, आणि मामलेदाराशी संगनमत करून अंतस्थाचे पैसे वाटून खाणारे त्यांत निघत, हेही येथे सांगितले पाहिजे.

योगायोग असा की, ज्या १७६१ साली पानिपत झाले त्याच सालच्या डिसेंबरात पोर्तुगालचा सुप्रसिद्ध प्रधान पोंबाल याने लिस्बन येथे राजाचे मध्यवर्ती कोषागार स्थापून विखुरलेला जमाखर्च एका छपराखाली आणला. दोघांस एकमेकांचे नावही बहुधा ठाऊक नसावे. परंतु मोठ्या आपत्तीनंतर राज्य सावरावयाचे तर आधी हिशेब सावरला पाहिजे, हे दोघांनीही ओळखले होते.

१७७२ च्या नोव्हेंबरात माधवराव थेऊर येथे निवर्तले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला. येथून नानांच्या आयुष्याचे पान उलटले. खुनाचा संशय ज्यांच्यावर होता ते राघोबादादाच पेशवे झाले. ते मान्य न करणाऱ्या कारभाऱ्यांनी सखारामबापू बोकील यांना पुढे करून बारभाईंचे कारस्थान उभारले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांच्या त्या बालकास पेशवाईची वस्त्रे मिळाली. राघोबा इंग्रजांकडे गेले. १७७५ चा सुरतचा तह, १७७६ चा पुरंदरचा तह, १७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे इंग्रजी फौजेची झालेली शरणागती आणि १७८२ चा सालबाईचा तह, हा क्रम शाळेतील पुस्तकांतूनही असतो, त्यामुळे त्याचा विस्तार नको. या धामधुमीत, १७७८ साली मोरोबादादांनी काही महिने सत्ता बळकावली. ती मोडल्यावर त्यांस कैद झाली. पुढच्याच वर्षी सखारामबापूही कैदेत पडले. आता पुण्यात नानांच्या बरोबरीचा कोणी उरला नाही.

हीच वेळ बारकाईने पाहण्यासारखी आहे. तोपर्यंत नाना सल्ला देणारे होते. निर्णय दुसऱ्याचा असे. आता निर्णयही त्यांचा, अंमलही त्यांचा आणि हिशेबतपासणीही त्यांचीच झाली. पेशवे बालक असल्यामुळे वर पाहणारा कोणी नव्हता. राज्य वाचविण्यासाठी दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य केले तरी फडाचा मूळ नियम त्या दिवसापासून पुण्यातच मोडला गेला.

त्याची किंमत काय पडली, याचे उदाहरण घाशीराम सावळदास याच्या प्रकरणात दिसते. १७७७ पासून पुण्याची कोतवाली त्याच्याकडे होती आणि नानांचा त्याच्यावर विश्वास होता. शहरात बंदोबस्त चांगला राहिला, पण कोतवालाच्या जुलमाविषयीच्या तक्रारी वाढत गेल्या. त्या नानांपर्यंत पोचल्या नाहीत, की पोचूनही मनावर घेतल्या गेल्या नाहीत, हे कोणी सांगावे! १७९१ च्या ऑगस्टात कोंडून ठेवलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी वीसांहून अधिक जण गुदमरून मेले. शहर खवळले आणि घाशीरामास लोकांच्या हवाली करावे लागले. दगडांच्या माराने त्याचा अंत झाला. दूरच्या महालातील पै-पैचा गोषवारा ज्यांच्या फडावर महिन्याच्या महिन्यास येत असे, त्यांच्या वाड्याजवळच्या चावडीचा खरा गोषवारा मात्र त्यांस मिळाला नव्हता.

त्याच वर्षी आपल्या धारवाडात मोठी घडामोड झाली. १७८० साली हैदराशी केलेल्या सख्यात कृष्णेच्या दक्षिणेचा मुलूख सोडावा लागला होता. १७८५ मध्ये टिपूने नरगुंद व कित्तूर घेतल्यावर नानांनी निजामाशी संधान बांधले. १७८६ साली बदामीच्या वेढ्याच्या वेळी ते स्वतः लष्करात होते. १७८७ चा गजेंद्रगडचा तह फार दिवस टिकला नाही. १७९० मध्ये इंग्रज व निजाम यांच्याशी करार होऊन परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडास वेढा घातला. टिपूचा किल्लेदार बद्रुझमानखान हा कसलेला होता. कॅप्टन लिटलच्या पलटणी मदतीस होत्या, तरी सुमारे सहा महिने किल्ला हलला नाही. त्या पलटणीबरोबर आलेल्या मूर नावाच्या अधिकाऱ्याने १७९४ साली या मोहिमेचा वृत्तांत छापला. त्यात मराठ्यांच्या तोफखान्याचे वर्णन फारसे गौरवाचे नाही. एक गोळा टाकल्यावर गोलंदाज निवांत बसून चिलीम ओढीत, आणि दुपारी दोन्ही बाजू विश्रांती घेत, असे तो लिहितो. अखेर १७९१ च्या एप्रिलच्या सुमारास किल्ला खाली झाला. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख मराठ्यांकडे आला. हुबळीत जुन्या पेठेचा कारभार पेशव्यांतर्फे फडके यांजकडे आणि नव्या पेठेचा सांगलीकर पटवर्धनांकडे राहिला. १८१७ साली जुनी हुबळी आणि १८२० साली नवी हुबळी इंग्रजांकडे गेली.

नानांच्या दफ्तरी लेखनाची कसोटी दीडशेहून अधिक वर्षांनंतर फार दूर लागली. पोर्तुगीजांशी १७७९ साली झालेल्या तहाने त्यांस वार्षिक बारा हजार रुपयांच्या वसुलाची गावे दमणच्या बाजूस देण्याचे ठरले, आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी नगरहवेली व दादरा येथील गावे नेमून दिली गेली. १९५४ साली ही ठाणी मुक्त झाल्यावर पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. तेथे मराठी कागदांचा कीस काढण्यात आला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने असे ठरविले की, मराठ्यांनी त्या कागदांनी दिला तो केवळ महसुलाचा हक्क, जहागीर वा सरंजामाच्या स्वरूपाचा. राज्याधिकार दिला नव्हता. पोर्तुगिजांचा राज्याधिकार पुढे इंग्रजांच्या मान्यतेने रूढ झाला, असेही न्यायालयाने म्हटले. सशस्त्र फौज नेण्याचा हक्क मात्र पोर्तुगालला मिळाला नाही. वसूल देणे आणि मुलूख देणे यांतला भेद सनदेत न पुसू देणारे पुण्याचे ते कारकून कोण होते, त्यांची नावे निकालात नाहीत.

नानांच्या फडाची सर्वांत अवघड परीक्षा महादजी शिंदे यांनी घेतली. १७९२ च्या जूनमध्ये पाटीलबाबा पुण्यास आले. दिल्लीच्या बादशहास हाती धरून त्यांनी उत्तरेत मराठ्यांचा दरारा बसविला होता. पराक्रमाने ते नानांहून कितीतरी मोठे. त्यांचे म्हणणे असे की, हिंदुस्थानच्या मोहिमांत आपला कोट्यवधी रुपये खर्च झाला असून तो सरकारने द्यावा. नानांचे म्हणणे असे की, जिंकलेल्या मुलखाच्या वसुलाचा हिशेब आधी फडावर दाखल व्हावा, मग देणे-घेणे पाहता येईल. एकाच्या हाती साठ-सत्तर वर्षांच्या कागदांचे रुमाल, तर दुसऱ्याच्या हाती कवायती पलटणी. महिनोन् महिने हा वाद चालला. हरिपंत फडके यांनी मध्यस्थी केली. नाना कारभार सोडून काशीस जाण्याच्या गोष्टी बोलू लागले. अखेर १७९३ साली तडजोड झाली. महादजींची सेवा पैशात मोजणे क्षुद्रपणाचे होते, असे अनेकांना वाटते, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु सर्वांत पराक्रमी सरदारास हिशेब विचारला नसता, तर इतरांस तो कोणत्या तोंडाने विचारावयाचा, हा नानांपुढील प्रश्न होता. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडी येथे महादजी वारले. मरण आले तेव्हा दोघांमधील तेढ बरीच निवळली होती.

१७९५ च्या मार्चात खर्ड्यास निजामाचा पराभव झाला आणि नानांच्या कारभाराचा सूर्य माथ्यावर आला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या गच्चीवरून पडून मरण पावले. वय एकवीस. तो अपघात की आत्मघात, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. एवढे खरे की, त्या तरुणास स्वतः चुका करून शिकण्याची संधी नानांनी दिली नव्हती. वडिलकीची माया होती, पण पहाराही होता. माधवरावांसारख्या धन्याने ज्या मोकळेपणाने नानांस वाढविले, तो मोकळेपणा नानांनी आपल्या बालधन्यास दाखविला असता तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

यापुढची पाच वर्षे वाचवत नाहीत. दुसरे बाजीराव गादीवर येऊ नयेत म्हणून नानांनी खटपट केली, मग त्यांनाच आणले, मध्यंतरी जीव वाचवून महाडास गेले. ज्या द्रव्याचा चोख हिशेब ठेवण्यात हयात गेली, तेच द्रव्य आता एका पक्षास फोडण्यासाठी व दुसऱ्यास जोडण्यासाठी ओतले जाऊ लागले. ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणीवरील गोऱ्या सरदाराने अभयवचन देऊन नानांस बोलाविले आणि दग्याने कैद केले. त्यांस अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. इकडे सर्जेराव घाटग्याने पैशासाठी पुण्याच्या सावकारांस व गृहस्थांस तापलेल्या तोफांवर बसविण्यापर्यंत मजल नेली. मोठी रक्कम भरल्यावर १७९८ साली नाना सुटले, कारभारावर पुन्हा आले, पण शरीर थकले होते. १३ मार्च १८०० रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. पुण्यातील इंग्रज वकील पामर याने वरिष्ठांस कळविले की, या माणसाबरोबर मराठी राज्यातील शहाणपण व संयमही गेला. इंग्रजी तैनाती फौज पुण्यात येऊ देण्यास नाना अखेरपर्यंत तयार नव्हते. त्यांच्या मागून तीनच वर्षांच्या आत, १८०२ च्या शेवटच्या दिवशी, बाजीरावांनी वसईच्या तहावर सही केली.

नानांची धार्मिक कृत्ये अनेक आहेत. पुण्याचे बेलबागेतील विष्णुमंदिर त्यांचे, भीमाशंकरच्या देवालयाचे शिखर त्यांचे. वाईजवळ मेणवली येथे कृष्णेकाठी त्यांचा वाडा, घाट व मेणेश्वराचे देऊळ आहे. तेथे वसईच्या मोहिमेत मिळालेली पोर्तुगीज चर्चची घंटा टांगलेली असून तिच्यावर १७०७ हा सन आहे. त्यांच्या अनेक पत्नींपैकी जिऊबाई मागे राहिल्या. त्यांचे पुढील आयुष्य इंग्रजांनी दिलेल्या नेमणुकीवर गेले.

फडाचे काय झाले, ते थोडक्यात असे. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात महाल मक्त्याने, जो जास्त बोलेल त्यास, देण्यात येऊ लागले. मक्तेदारास हिशेब विचारण्याचे कारण उरले नाही, म्हणून दरकदारांचेही काम उरले नाही. दफ्तरात कागद येईनासे झाले, कारकून पांगले. १८१८ नंतर इंग्रजांनी पुण्याचे दफ्तर ताब्यात घेतले, तेव्हा आधीच्या पिढीचे कागद जितके व्यवस्थित, तितके अखेरच्या वर्षांचे विस्कळित आढळले. ते हजारो रुमाल आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीत बांधून ठेवलेले आहेत. त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत छापले गेले. मेणवलीच्या वाड्यातील नानांचे खासगी कागद दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांच्या हाती आले, आणि त्यांतूनही पुष्कळ इतिहास प्रकाशात आला. बाकीच्या रुमालांपैकी कित्येकांच्या गाठी सोडावयास मोडी जाणणारा माणूस मिळणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे.